दर्यापार गेलेल्या लेकीचा बाप

धान निघून मोकळ्या झालेल्या बांधीत जहाज उभं होतं. बांबूच्या तीन डोलकाठ्या, तरटाने मढवलेला सांगाडा, वरून निळा रंग. पलीकडे शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्या सुटत होत्या, धुळीने आभाळ भरलं होतं, आणि त्या धुळीत करिष्मा कमरेवर हात ठेवून ते जहाज बघत होती. बघता बघता तिला हसू फुटलं. शीड चक्क उलटं बांधलं होतं. असं शीड घेऊन कोणी आपली वैनगंगासुद्धा ओलांडली नसती.

खरं जहाज तिने पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्याच्या डोलकाठीवर चढली होती. 'जलमयूरी' त्याचं नाव. शंभरीला टेकलेलं शिडाचं जहाज. कधीकाळी त्यातून धान्य आणि लाकूड जायचं. आता एक संस्था त्यावर कॉलेजच्या पोरापोरींना नेते, हात सोलवटेपर्यंत दोर ओढायला लावते आणि समुद्र शिकवते. पाण्यातलं मीठ मोजायचं, जाळीत आलेले बारीक जीव भिंगाखाली बघायचे, रात्रपाळीला सुकाणू धरायचं. वडशाच्या कॉलेजात विज्ञान शिकणारी करिष्मा पावसाळा सरताना कोचीला त्यावर चढली आणि अंदमान बघून दिवाळीनंतर घरी आली. गावात तिच्याआधी कोणी समुद्र पाहिला नव्हता असं नाही. रामेश्वरला जाऊन आलेले पुष्कळ होते. पण त्यांनी समुद्र काठावरून पाहिला होता, चपला हातात धरून.

तर या करिष्मावर नाटक आलं होतं. 'लेक गेली दर्यापार'. खाली बारीक अक्षरांत, सत्य घटनेवर आधारित. आज पटाच्या रात्री गावात पहिला प्रयोग. वडसा भागात हिवाळा आला की नाटक येतंच. पट असो, मंडईची जत्रा असो, दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक रंगतं, आणि पाहुण्यांनी घर असं भरतं की यजमानाला झोपायला पडवीसुद्धा उरत नाही. हे नाटक वडशाच्या हेमराजचं होतं. हेमराज नाटक कंपनीचा मालक, लेखक आणि दिग्दर्शक, तिन्ही एकटाच. आणि त्यात बापाची भूमिका करणार होते करिष्माचे बाप, गुणवंतराव.

गुणवंतरावांची शेती धानाची, पण जीव नाटकात. गावच्या नाटकात बाप त्यांनीच करायचा, हे ठरून गेलेलं. आवाज असा की पार मागे बैलगाडीवर बसलेली बाईसुद्धा पदराने डोळे पुसायची. घरात साखर संपली तरी ते अशा गळ्याने सांगत की करिष्माची आई, आशाबाई, चुलीपासून म्हणायची, "हळू बोला जी, अजून कोनी मेलं नाई."

आपल्यावर नाटक येतंय हे ऐकून करिष्माला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोला. शिवाय तिला एक मतलबही होता, आणि त्या मतलबाचं नाव ललिता.

ललिता तिची होस्टेलातली मैत्रीण, धानोऱ्याच्या पुढच्या एका जंगलातल्या गावची. तिला उंचीची भीती वाटायची, मोहाच्या झाडावरसुद्धा ती कधी चढली नव्हती. पण करिष्माने आणलेले समुद्री शेवाळाचे फोटो ती रात्र रात्र बघत बसायची. पुढच्या सफरीत करिष्माला नव्या पोरांना शिकवायला बोलावलं होतं आणि तिच्या शब्दावर ललिताची जागा पक्की झाली होती. सफर याच महिन्याच्या शेवटी निघणार होती. राहिला होता फक्त गावाचा शेवटचा होकार. ललिताच्या गावात अशी गोष्ट एकटा बाप ठरवत नाही. सगळं गाव गोटूलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत बसतं, बाया-माणसं सगळी, आणि सगळ्यांचं हो आलं तरच हो. एकानेही नाही म्हटलं की गोष्ट तिथेच थांबते. गाव जवळजवळ तयार झालं होतं. ललिताचे वडील जंगूभाऊ तर केव्हाचे तयार होते. म्हणून गुणवंतरावांनीच सगळ्यांना पटाचं आवतण दिलं होतं. पाहा म्हणावं, समुद्रावर गेलेल्या पोरीचा इथे काय मान असतो.

"करिष्माबाई, या बसा. तिसरा अंक घेऊन राह्यलो," हेमराजने मंचावरून हाक मारली. दुपारची शेवटची तालीम चालली होती.

ती पुढे येऊन वाळल्या धसकटांवर बसली. बांबूच्या डोलकाठीला अर्ध्यावर टेकून नागपूरहून आलेली नटी उभी होती. तिचं नाटकातलं नाव करुणा. खाली सोनेरी पट्ट्यांचा कोट घातलेला कप्तान. वारा सुटल्याचा आवाज पेटीवाल्याने काढला, आणि ती नटी दोन्ही हातांनी बांबू कवटाळून रडत म्हणाली, "बाबा, मले घरी याचं हाय."

करिष्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते वाक्य तिचं होतं. अक्षर न् अक्षर. पहिल्यांदा वर चढली तेव्हा डोलकाठीच्या आडव्या दांड्यावर, खाली काळं पाणी हलत असताना, तिचे पाय गोठले होते आणि हे वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं. शेजारी दांड्यावर चंचल मॅडम होत्या, शिडांची कामं शिकवणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत, धीर दिला नाही, हातही धरला नाही. शांतपणे शीड गुंडाळत राहिल्या. बऱ्याच वेळाने करिष्माने एक हात सोडला आणि शीड गुंडाळायला लागली. एवढंच झालं होतं. जगात हे दोनच माणसांना ठाऊक होतं, चंचल मॅडमना आणि बाबांना. बंदरात उतरल्यावर तिने बाबांना फोनवर सांगितलं होतं, कारण बाबांनी विचारलं होतं, बेटा घाबरली का गं.

इथे मात्र कप्तान सरसर वर चढला. त्याने करुणाला मिठीत घेतलं. पेटीवाल्याने गाणं धरलं. पुढच्या प्रवेशात करुणा पोट लपवत गावी आली आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी तिने गावच्या बोडीत उडी टाकून जीव दिला. महासागर पोहून आलेली पोरगी गुडघाभर पाण्याच्या तळ्यात बुडून मेली.

आणि तिच्या मढ्याशेजारी गुणवंतराव उभे राहिले. डावा हात छातीवर, उजवा आभाळाकडे. "लोकहो, ज्या बापाने आपली लेक दर्यावर धाडली, तो बाप नव्हे, कसाई समजा. मी कसाई आहे. माझ्यासारखे होऊ नका."

करिष्मा उठून सरळ मंचावर चढली.

"हेमराजभाऊ, हे का लावलं तुमी?"

हेमराज शांत होता. त्याला अशा लोकांची सवय असावी. "बसा ना बाई. पानी पेता का?"

"मले पानी नोको. मी कधी असं करून आली? कोन कप्तान? आमचा कप्तान साठ वर्साचा म्हातारा होता, त्याले चष्म्याबिगर भाकर दिसत नव्हती."

"अवो, तू सुखरूप गेली आन सुखरूप आली," हेमराज समजावणीच्या सुरात म्हणाला. "यात नाटक कुठी हाय? तूच सांग. पब्लिक थंडीत पोरंबाळं घेऊन रडाले येते. त्यायले का मीठ मोजून दाखवू मी?"

ती वळली. "बाबा."

गुणवंतराव मिशी चिकटवत होते. "अवं, ते करुना हाय, तू करिष्मा. मी हेमराजले पह्यलेच सांगतलो, पोरीचं नाव नोको. बदललं ना नाव?"

"आन बापाचं? बाप तर तुमीच हा."

"मी कलाकार हाव बेटा."

"तुमी हा रोल करू नोका. ललिताचं गाव येऊन राह्यलं. समोर बसनार हायेत सारे. त्यायनं हे पाह्यलं तर तिले कोन पाठवन?"

गुणवंतरावांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी मंचाकडे पाहिलं, बांबूच्या डोलकाठ्यांकडे पाहिलं, कमानीवर लागलेल्या आपल्या फोटोकडे पाहिलं. "लोकायले समजते नाटक का असते ते. आन आता माघार घेतली तर गावाचं नाक कापल्या जाईन. आजवर मले दोन सीनचा बाप भेटला. हा पह्यलाच बाप हाय जो तिन्ही अंकात हाय." हे ते इतक्या खऱ्या गळ्याने बोलले की करिष्माला त्यांच्या मिशीला धरून ओढावंसं वाटलं. तिने ओढली नाही. आजही तिला त्याचा पस्तावा आहे.

दिवेलागणीला ट्रॅक्टर आला. जंगूभाऊ उतरले, मागून ललिता, बाया, म्हातारे, आणि सगळ्यांत शेवटी हातात काठी घेतलेले इसरूबाबा, गावातले सगळ्यांत वयस्कर. करिष्माने जंगूभाऊंना अंगणातच गाठलं.

"काका, नाटकात जे दाखवतीन ते सारं खोटं हाय. मी तशी काई करून आली नाई."

जंगूभाऊ हसले. "अवं, आमाले समजते, बाई. नाटक पाह्यलं नाई का आमी?"

तिने त्यावर विश्वास ठेवला. दुसरं करण्यासारखं तरी काय होतं.

नाटक बघायला ती गेली नाही. घरात पडून राहिली, पण भोंग्यांना दार कुठे अडवतं? कप्तानाचं हसणं आलं, गाणं आलं, आणि शेवटी बापाचा आवाज आला, सगळ्या शिवारावर पसरलेला. "माझ्यासारखे होऊ नका." मग बराच वेळ बायांच्या रडण्याची एकच गाज येत राहिली. गुणवंतराव त्या रात्री फार चांगलं काम करून गेले. तोच तर घात झाला.

सकाळी आशाबाईने पाहुण्यांसाठी वडे तळायला घेतले, तर जंगूभाऊ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"निघतो, बाई. जेवन राहू द्या."

करिष्मा समजली. "काका, तुमीच म्हनले होते ना, नाटक समजते म्हनून?"

"समजते ना." जंगूभाऊ जमिनीकडे बघत होते. "कप्तान खोटा, ते जहाज खोटं, ते मेलेली पोरगी खोटी. सारं समजते. पन बाप तर खरा होता, बाई. परका मानूस काईबी बोलन. सख्खा बाप आपल्या पोरीचं असं चारचौघात खोटं काऊन बोलन? इसरूबाबा म्हनते, काई तरी झालं असन, थ्या बिगर बापाचं तोंड उघडत नाई. त्यायनं नाई म्हनलं."

ललिता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडेला बसली होती. तिने करिष्माकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर करिष्माला परवडलं असतं.

करिष्मा रात्रभर जंगूभाऊंशी मनात भांडायची तयारी करत होती. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चूक एवढीच होती की जगातले सगळे बाप आपल्यासारखे असतात असं त्या भल्या माणसांनी धरलं होतं. आपली पोर हा काही नाटकाचा माल नव्हे, हे त्यांच्या इतकं हाडात होतं की दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नसेल, हे त्यांच्या डोक्यातच येईना.

ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला तशी ती मागच्या अंगणात आली. गुणवंतराव बाजेवर बसले होते. कानामागे अजून रंग होता. सभोवती गावातली माणसं चहा पीत होती, आणि हेमराज सांगत होता की आरमोरीकडच्या गावाने रातोरात नाटक मागितलं आहे.

"उठा सारे," करिष्मा म्हणाली.

"का झालं बेटा?"

"उठा म्हनलं ना. चहा झाला. जा आपल्या घरी."

मोठ्या माणसांशी या घरातली पोरगी अशी कधी बोलली नव्हती. माणसं उठली. हेमराज कप खाली ठेवून आधीच दाराशी पोचला होता. मग करिष्माने जंगूभाऊंचा शब्द न् शब्द बापाला सांगितला. गुणवंतराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर करिष्माला एवढा राग आला नसता. वाईट माणसाला सोडून देता येतं.

"मी येतो," ते शेवटी म्हणाले. "त्यायच्या गावात येतो. समद्यायसमोर सांगतो का मी खोटं बोललो."

"जसं झालं तसं सांगाचं. बस."

आशाबाई झारा हातात घेऊन दारात उभी होती. "आन आवाज हळू ठेवजा," ती म्हणाली.

ललिताने जंगूभाऊंच्या मागे लागून गावाला पुन्हा बसायला लावलं. त्या दिवशी करिष्मा दुचाकी चालवत होती आणि गुणवंतराव मागे बसले होते. धानोरा मागे पडलं, सागाचं जंगल लागलं, रस्ता अरुंद झाला. मागून पुटपुट ऐकू यायला लागली. आधी तिला वाटलं ते देवाचं नाव घेतायत. मग तिने कान दिला.

"बाबा, तुमी का पाठ करून राह्यले?"

"नाई, थोडी जुळवाजुळव करतो."

तिने दात ओठ खाल्ले आणि गाडी दामटली. शेवटच्या वळणावर शिव्या तिच्या जिभेच्या टोकाशी आल्या होत्या, तेवढ्यात गाव आलं.

गोटूल म्हणजे चार बाजूंनी मोकळं कौलारू छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. सगळे आले होते. बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला, मधे इसरूबाबा. कोणी अपमान केला नाही. गुणवंतरावांना पाणी दिलं, चटई दिली. ते बसले नाहीत. उभे राहिले.

सुरुवात बरी झाली. "मी गुनवंत. करिष्माचा बाप. पटाच्या रात्री तुमी जे पाह्यलं ते खोटं हाय. माही पोरगी तशी नाई." इथेच थांबले असते तर. पण समोर एवढी माणसं बघून त्यांच्या गळ्याला काय झालं कोण जाणे. आवाज चढायला लागला. गावची बोली सुटली आणि मंचावरची भाषा तोंडात आली. "गावकऱ्यांनो, मी पापी आहे. सोन्यासारख्या लेकीवर मी चिखल उडवला. या बापाला क्षमा करू नका." डावा हात छातीवर गेला, उजवा वर. डोळ्यांतून खरोखरीचं पाणी वाहू लागलं. मागे एका म्हाताऱ्या बाईने पदर डोळ्याला लावला. एका पोराने टाळी वाजवली आणि त्याच्या आईने त्याचा हात धरला.

करिष्माला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

इसरूबाबा गोंडीत काहीतरी सावकाश बोलले. जंगूभाऊंनी मराठीत सांगितलं. सांगताना त्यांनाच लाज वाटत होती. "बाबा म्हनते, पटाच्या रात्रीबी तुमी असेच रडले होते, गुनवंतभाऊ. हात असाच छातीवर होता. तवाबी आमाले खरंच वाटलं होतं. आता यातलं कोनतं खरं धराचं, थे सांगा."

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. पुढचा डायलॉग घ्यायला उघडतात तसं.

"बस करा," करिष्मा ओरडली.

ती कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही. "बस करा, बाबा. एक शब्द बोलू नोका. लाज कशी वाटत नाई तुमाले? इथीबी नाटक? मी पार वर, त्या दांड्यावर रडली होती. हो, रडली. साऱ्यायसमोर सांगतो. हातपाय गेले होते माहे. कोनी कप्तान आला नाई. कोनी मिठी मारली नाई. बाजूले एक बाई होती, ते आपलं काम करत राह्यली, मंग मीबी केलं आन मी खाली आली. तुमी फोनवर इचारलं, बेटा घाबरली का. मी म्हनलं, हो बाबा, घाबरली. ते मी बापाले सांगतलं होतं. हेमराजले नाई. पेटीवाल्याले नाई. माह्या बापाले सांगतलं होतं. आन तुमी ते नेऊन इकलं, आन काऊन, तर तुमाले तिन्ही अंकात राहाचं होतं."

गोटूलात कोणी हलत नव्हतं. गुणवंतरावांचे दोन्ही हात खाली आले होते. मान खाली गेली होती. ज्या माणसाने जन्मात कुणाचा डायलॉग अंगावर ठेवून घेतला नाही, तो पोटच्या पोरीच्या शिव्या खात उभा होता आणि उलटून एक अक्षर बोलत नव्हता.

इसरूबाबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग करिष्माला मराठीतच विचारलं, "तू पुन्ना जाशीन?"

"जाऊन राह्यली ना. याच महिन्यात. ललिता आली नाई तरी जाईन." तिचा राग अजून उतरला नव्हता, तो म्हाताऱ्याच्याही वाट्याला आला. "पन मंग तिले रोज सांगत जा, बाबा, का ते घरी काऊन राह्यली. ते तिच्या गुनानं नाई राह्यली. माह्या बापाले मोठा रोल पाहिजे होता, म्हनून राह्यली."

मागच्या बायांमधून कोणीतरी गोंडीत मोठ्याने काही बोललं. दुसरी बोलली. मग सगळ्या बोलायला लागल्या, माणसंही लागली, आणि करिष्माला त्यातलं फक्त ललिताचं नाव कळत होतं. ललिता खांबाला टेकून नखं खात होती. हळूहळू आवाज खाली बसला. जंगूभाऊ एकेकाकडे बघत गेले आणि एकेकाची मान हलत गेली. शेवटी राहिले इसरूबाबा. त्यांनी गुणवंतरावांच्या खाली घातलेल्या मानेकडे काठी केली.

"हे खरं हाय," ते म्हणाले. "जाऊ द्या पोरीले."

ललिता धावत आली नाही, मिठी मारली नाही. जंगूभाऊंच्या हातातून फोन घेतला आणि जिथे रेंज येते त्या टेकाडाकडे चालू लागली, जहाजाच्या कचेरीला कळवायला. करिष्मा तिच्याकडे बघत राहिली. गावात त्या दोघा बापलेकींना जेवू घातलं. गुणवंतराव खाली बघून जेवले.

परत येताना ऊन कललं होतं. सागाची मोठमोठी वाळकी पानं रस्त्यावर पडली होती, गाडीखाली चुरत होती. करिष्माचा राग निवत आला होता. तिला वाटायला लागलं होतं की आपण फार बोललो. बापाला परक्या गावात असं बोलायला नको होतं. घरी गेल्यावर आईला म्हणावं, त्यांना गरम भाकर दे. एवढ्यात मागून गुणवंतराव घसा खाकरून म्हणाले,

"बेटा."

"हं."

"शेवटी मी काईच बोललो नाई. मान खाली घातली आन उभाच राह्यलो. पाह्यलंस ना? पुरी सभा चिडीचूप झाली होती." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कसं वाटलं तुले थे?"

करिष्माने ब्रेक मारला. गाडी पानांवरून घसरत थांबली.

"उतरा."

"अवं—"

"खाली उतरा म्हनतो मी."

ते उतरले. तिने मागे पाहिलं नाही, गाडी उडवली. आरशात दिसले तेवढे दिसले: रस्त्याच्या मधोमध, हात लोंबकळत, दोन्ही बाजूंना साग आणि बघायला एक माणूस नाही. वळण आलं आणि आरसा रिकामा झाला.

पुढे पुलाजवळ तिने गाडी थांबवली आणि पुलाच्या कठड्यावर बसली. ती रडली. दुःखाने नाही, रागाने. त्या गोटूलात बाप खरोखर मेल्याहून मेला झाला होता की मान कधी खाली घालायची हे त्याला ठाऊक होतं, हे तिला आता जन्मात कळणार नव्हतं. बहुतेक त्यालाही कळणार नव्हतं. हेमराजला दुसरा बाप सहज मिळेल, नाटक हिवाळाभर चालेल, खाली सत्य घटना लिहिलेलं राहील. आणि ललिता जाईल, हे मात्र नक्की. त्या एका गोष्टीला तिने घट्ट धरून ठेवलं.

परत वळून आणायला मात्र ती गेली नाही.

बऱ्याच वेळाने गुणवंतराव वळणावरून आले. चपलेचा अंगठा तुटला होता, दोन्ही चपला हातात होत्या. धापा टाकत होते. तिच्याजवळ येऊन थांबले, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता गाडीवर मागे बसले. घर येईपर्यंत ते गप्प होते. त्या वेळी बघायला कोणी नव्हतं.